यझदमध्ये तेर्मे घेताय? आधी अस्तर उसवून पाहा

इराणात यझदला जाणार असाल आणि तेर्मे घ्यायचा बेत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

तेर्मे म्हणजे रेशीम आणि बारीक लोकरीचं, कोयऱ्यांनी भरलेलं भारी वस्त्र. हातमागावर ते विणायला दोन माणसं लागतात. एक मागावर बसतो, दुसरा वर चढून नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे ओढत राहतो. अख्ख्या दिवसात जेमतेम 25-30 सेंटीमीटर कापड उतरतं. असे कारागीर आता फार थोडे उरलेत, बाजारातला बहुतेक माल यंत्रमागाचाच असतो. तसं सांगून विकला तर काहीच हरकत नाही.

मी गेले त्या दुकानात दाराशीच जुना लाकडी माग होता आणि एक वयस्कर कारागीर त्यावर खरोखर विणत होते. मागे छतापर्यंत तेर्म्यांचे ढीग. "सगळं याच मागावरचं, शुद्ध रेशीम," दुकानदार म्हणाला. आईसाठी दीड मीटरचं एक घेतलं. भाव हातमागाचाच लावला होता.

पुण्यात आल्यावर कोपऱ्यातलं अस्तर सुटलं म्हणून शिवायला घेतलं. आत विणलेला काठच नव्हता. कापलेली कड दुमडून वर फीत शिवली होती. यंत्रमागावर रुंद पन्ह्यात पट्टे शेजारी शेजारी विणून मग कापतात, त्याची ही खूण. सुटा धागा जाळून पाहिला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. हा धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. पॉलिएस्टर!

दुकानदाराला फोटो पाठवले, उत्तर नाही. निर्बंधांमुळे आपली कार्डं तिथे चालत नाहीत, सगळा व्यवहार रोखीचा, त्यामुळे बँकेकडे दाद मागायची सोय नाही. बिलावर फारसीत फक्त 'तेर्मे' आणि रक्कम, हातमागाचा उल्लेखही नाही.

पैशांपेक्षा मला संताप येतो तो त्या कारागिरांसाठी. त्यांच्या मागावर माझ्या तुकड्याएवढं कापड विणायला पाच-सहा दिवस लागतील, मग तो छतापर्यंतचा ढीग कुठून आला? त्यांचे हात दाखवायचे आणि कारखान्याचा माल खपवायचा, वर त्यांच्या खऱ्या कामाला गिऱ्हाईक उरू द्यायचं नाही.

तेव्हा अस्तर न लावलेला तुकडाच मागा, दोन्ही काठ आणि उलटी बाजू उजेडात पाहा. हातमाग आणि रेशीम हे दोन्ही शब्द बिलावर लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर चहा तसाच ठेवून उठा.