अबार्थ पुंटोचे टायर बदलले त्याला आता 9 महिने झाले

सेकंडहँड अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोची टर्बो इंजिनवाली जोरकस आवृत्ती, घेताना मी इंजिन, टर्बो, क्लच सगळं तपासून घेतलं. टायरवरून मात्र नुसता हात फिरवला. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून पुढे गेलो. आठवड्याभरात सोसायटीच्या रॅम्पवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून खर्रर्र आवाज यायला लागला. वाकून बघितलं तर चाकाच्या वरचं काळं प्लॅस्टिक घासून चकाकत होतं. टायरवर माप होतं 205/60 आर16, म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि आतली रिम 16 इंचाची.

या गाडीचं कंपनीचं माप 195/55 आर16 आहे. स्पीडब्रेकरला पोट लागू नये म्हणून आधीच्या मालकांनी उंच टायर घातले होते. मूळ टायरचा व्यास साधारण 621 मिलिमीटर, या टायरचा 652. म्हणजे चाक 5 टक्क्यांनी मोठं. डॅशबोर्डवर ताशी 100 दिसायचे तेव्हा जीपीएसवर 102 असायचे. नवे टायर बसल्यावर त्याच 100 ला जीपीएस 97 दाखवतो. मोठ्या चाकांमुळे मीटरवरचे किलोमीटरही तेवढेच कमी पडलेले असतात, हे सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने नक्की लक्षात ठेवावं. आणि 145 पीएसची (साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जी उसळी मारते, ती तर पार मंदावली होती.

त्यात टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे 1416. 2016 सालचा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत, पण बाजूच्या रबराला केसासारख्या भेगा. फेब्रुवारीत चारही बदलायचे ठरवले.

पहिल्या दुकानात 205/55 घ्या म्हणाले, "साहेब, दिसायला भारी." ते जेमतेम पावणेदोन टक्के मोठं पडतं आणि बरेच जण घालतातही, पण मला घासाघिशीचा प्रश्नच नको होता. दुसऱ्या दुकानात माप बरोबर, भाव चांगला, पण "नवीन" टायर दोन वर्षांपूर्वीचे निघाले. तिथून परत फिरलो. अलॉय रिमसकट 17 इंच करा असाही सल्ला मिळाला. पण फियाटच्या चाकाचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, 4×98 (चार बोल्ट, 98 मिलिमीटर व्यास) आणि बाजारातले बहुतेक अलॉय 4×100 चे. फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून बोल्ट जोर लावून बसवणारे भेटतात. तसं अजिबात करू नका. बोल्ट तिरके बसतात आणि चाक मध्यावर राहत नाही.

2020 च्या जूनमध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून मी बाहेरून येणाऱ्या टायरचा नाद सोडला आहे. शेवटी अपोलो अल्नाक 4जी घेतले, 87व्ही. 87 म्हणजे एका टायरवर 545 किलोपर्यंत भार आणि व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत वेग. तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून 28 हजारांत काम झालं. महागड्या पर्यायाला 40 हजारांच्या वर सांगत होते.

बसवताना समोर उभा राहिलो. फियाटला हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर) चाक अडकवायला बाहेर आलेले स्टड नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. त्यामुळे चाक एका हाताने उचलून भोकं जुळवावी लागतात. तिथल्या पोराने पायाच्या चवड्यावर चाक टेकवून ते अलगद वर घेतलं, पहिले दोन बोल्ट हातानेच फिरवले आणि मगच पाना लावला. हवेची गन नको, ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना लाव, असं मी म्हणालो. त्याने कुरकुर न करता लावला.

पहिले दोनशे किलोमीटर गाडी शांतपणे चालवली. नंतर फरक कळायला लागला. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, मधे ती रबरी ढिलाई नाही. खर्रर्र बंद. जुलैत ताम्हिणीतून माणगावला उतरलो तेव्हा रस्त्यावरून पाणी वाहत होतं. एका वळणावर समोर एसटी आली, ब्रेक दाबावा लागला. गाडी सरळ रेषेत थांबली, एबीएससुद्धा लागलं नाही. जुन्या टायरवर याच घाटात पुढची चाकं बाहेर सरकत होती, ते मी विसरलेलो नाही. खड्ड्यांचा धक्का आता जास्त जाणवतो, कारण टायरची भिंत जवळपास 16 मिलिमीटरने कमी झाली. स्पीडब्रेकरवर तिरकं चढावं लागतं. ते मला मान्य आहे.

हवा दर दुसऱ्या रविवारी सकाळी, टायर थंड असताना बघतो. 5 हजार किलोमीटरवर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. आज 11 हजार किलोमीटरनंतर साडेसहा मिलिमीटर नक्षी आहे, चारही टायरना सारखी.

राहिली स्टेपनी. परवा बाहेर काढून पुसली. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत, एकदाही रस्त्याला लागलेली नाही. पण तारीख 2015 ची. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हापासून ती डिकीतच पडून आहे. पुढच्या महिन्यात तीही बदलतो.