निमखाऱ्या पाण्यातला ग्रीन स्पॉटेड पफर: जळगावात हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

निमखाऱ्या टाकीबद्दल विचारलं की सगळे मिठाचं प्रमाण सांगतात. खानदेशात त्याहून जास्त लक्ष द्यावं लागतं ते उडून जाणाऱ्या पाण्याकडे. ते सांभाळलं तर ग्रीन स्पॉटेड पफर हा फुगणारा मासा इथे उत्तम राहतो, हे आता खात्रीने सांगता येतं.

टाकी ३६ × १५ × १८ इंचांची, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी सुमारे १३० लिटर. एकच पफर, कारण तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि शेजारी सहन करत नाही. विशिष्ट गुरुत्व (पाण्यात मीठ किती ते दाखवणारा आकडा, साध्या पाण्याचा १.०००) १.००८. त्यासाठी सागरी मत्स्यालयाचं मीठ लिटरला १२ ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला साधारण दीड किलो. किराणा दुकानातलं खडे मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात.

दुकानात हा मासा बहुतेक साध्या पाण्यात ठेवून ‘गोड्या पाण्याचा’ म्हणून विकतात. त्याला थेट १.००८ मध्ये सोडू नका. आठवड्याला ०.००२ इतकीच वाढ करा. माशाला तर जड जातंच, पण फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही अचानक बदलाने मंदावतात, आणि जास्त पीएच व जास्त तापमानात अमोनिया अधिक विषारी ठरतो.

आता बाष्पीभवन. मे महिन्यात पाण्यावर पंखा लावला की पातळी दिवसाला एक सेंटिमीटर सहज उतरते. या मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन लिटर. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याने घालायची. चुकून मिठाचं पाणी घालत राहिलात तर आठवड्याला सुमारे ३०० ग्रॅम मीठ जास्तीचं जातं. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. ही भर आरओच्या पाण्याने घालावी. बोअरच्या पाण्याने घातली तर मीठ वाढत नाही, पण त्या पाण्यातला क्षार दररोज साठत जातो आणि काचेवर, हीटरवर पांढरा थर धरतो. पाणी बदलताना मात्र आपलं जड पाणी फायद्याचं. निऑन टेट्रावाले ज्या पाण्याला वैतागतात तेच पफरला मानवतं, पीएच आठच्या आसपास आपोआप टिकतो. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवा. आठवड्याला ३० लिटर बदला. बादलीत ३६० ग्रॅम मीठ रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) लावून विरघळवा, सकाळी घाला. मिठाचा महिन्याचा खर्च दीड किलोच्या थोडा वर जातो.

मिठाचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मोजणारं उपकरण) घ्या. काट्याच्या हायड्रोमीटरवर हवेचा एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा चढतो. पण एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: साध्या रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-भरपाई बहुतेक १० ते ३० अंशांपर्यंतच असते. खोली ४० अंशांवर असताना दुपारी घेतलेलं माप भरवशाचं नाही. पहाटे मोजा, आणि त्याआधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने शून्य जुळवून घ्या. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा.

उन्हाळ्यात बंद खोलीत पाणी ३३-३४ अंशांवर जातं, पफरला हवं २४ ते २८. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा तीन-चार अंश उतरवतो. बाकीचं काम खोलीतल्या कुलरने करायचं. जुलैत हवा दमट झाली की तोच पंखा जेमतेम अंशभर देतो, पण तेव्हा गरजही कमी असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा १५० वॅटचा हीटर हवाच.

लोडशेडिंगसाठी स्पंज फिल्टर आणि इन्व्हर्टरवरचा एअरपंप पुरे. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) असेल तर वीज बरेच तास गेल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतलं पाणी सडलेलं असतं, ते ओतून मगच जोडा.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पफर मरतात ते बहुधा इथेच. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि कठीण कवच फोडल्यानेच झिजतात. नुसत्या मऊ खाण्यावर ठेवला तर तोंड उघडेनासं होतं. चपट्या आणि पातळ कवचाच्या गोगलगायी टबात वाढवा. त्या निमखाऱ्या पाण्यात फार तग धरत नाहीत, म्हणून तो लगेच खाईल तेवढ्याच टाका. लांब टोकदार शंखाची गोगलगाय टाळा, दाताचा टवका उडतो. सालासकट कोळंबी, खेकड्याचे बारीक पाय हेही द्या. पण पाटातले, शेतातले खेकडे किंवा गोगलगायी आणू नका. कापूस आणि केळीवरची फवारणी त्यांच्यात उतरलेली असू शकते. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड.

जाळीने उचलू नका. पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा जाते आणि ती काढणं त्याला अवघड पडतं. मग्गा किंवा डबा वापरा. तांब्याची औषधं त्याला सोसत नाहीत.

लोखंडी स्टँड, ट्यूबच्या पट्ट्या आणि स्क्रू मिठाने गंजतात. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. पावसाळ्यात मीठ ओलावा धरून दगड होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

निवट्या (मडस्किपर, पाण्याबाहेरही वावरणारे मासे) पाळायचं मनात असेल तर खानदेशात आधी विचार करा. त्यांना पाण्यावरची हवाही दमट आणि उबदार लागते, त्यामुळे झाकण बंद ठेवावं लागतं, आणि बंद झाकणाखाली मेमधलं पाणी थंड करायला पंख्याचा उपयोग नाही. नवख्याने ऑरेंज क्रोमाइडपासून सुरुवात करावी. तो दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांमधलाच, आठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो आणि १.००५ लाही खूश असतो. पफरच्या टाकीत मात्र त्याला सोडू नका, शेपटी शिल्लक राहणार नाही.