पुदिना लावू की गवती चहा? कुंडी एकच आहे

भाचीने नवीन फ्लॅट घेतला, किचनच्या खिडकीला ग्रिल आहे पण सोसायटीचा नियम असा की ग्रिलमध्ये एकच कुंडी, जास्त वजन नको. तर तिचा मेसेज आला, "मावशी, पुदिना लावू का गवती चहा? हेल्थला जास्त चांगलं काय?" मी पटकन "गवती चहा" असं टाइप केलं आणि मग लक्षात आलं की ही पोरगी आता का म्हणून विचारणार, आणि का याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही. म्हणून हे सगळं.

आधी एक साधी गोष्ट जी कुणी सांगत नाही. पुदिना आपण खातो, गवती चहा आपण गाळून फेकून देतो. इंटरनेटवर गवती चहाच्या नावापुढे लोह, कॅल्शियम, पोटॅशियम अशी लांबलचक यादी असते ना, ती शंभर ग्रॅम पानांची असते, आणि शंभर ग्रॅम गवती चहा आजवर गाईशिवाय कुणी खाल्लेला मी तरी पाहिला नाही. कपात आपल्या दोन पाती पडतात, त्याही गाळणीतून परत कचऱ्यात. पुदिना निदान चटणीतून, रायत्यातून पानासकट पोटात जातो, पण तोही किती, एक चमचा चटणी. त्यापेक्षा पालकाची एक वाटी भाजी खाल्ली तर जास्त काहीतरी मिळेल. म्हणजे पोषण म्हणून बघशील तर पुदिना पुढे आहे, पण इतका थोडा पुढे की त्यावर कुंडी ठरवू नकोस.

मग उरतो तो वास, आणि खरा खेळ तिथेच आहे.

गवती चहाचा वास म्हणजे सिट्रल. लिंबाच्या सालीतही तेच असतं म्हणून तो वास लिंबासारखा येतो, आणि गवती चहाच्या तेलात तर साधारण पाऊण भाग सिट्रलच. हे तेल पानाच्या आत असतं, पात अख्खी सोडली तर नीट बाहेर येत नाही, म्हणून कात्रीने बोटभर तुकडे कर किंवा दोन-तीनदा मुरगळून गाठ मार. आणि झाकण! उघड्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळतात लोक, घरभर घमघमाट सुटतो, आणि कपात काय राहतं तर हिरवट पाणी, कारण जो वास घरभर गेला तो कपातूनच गेला ना. पाणी उकळलं की पाती टाकायच्या, झाकण ठेवायचं, मंद गॅसवर तीन-चार मिनिटं, मग चहा पावडर, मग दूध. आलं घालणार असशील तर ते पातीच्या आधी, त्याला जास्त वेळ उकळलेलं चालतं.

पुदिन्याचं याच्या उलट. चहात पुदिना उकळला की पालेभाजी शिजवल्यासारखा वास येतो आणि मागे कडवट चव राहते. गॅस बंद करायचा, सात-आठ पानं हाताने चुरडून टाकायची, दोन मिनिटं झाकायचं, गाळायचं. आमच्या शेजारच्या गुजराती काकू एकाच चहात पुदिना आणि गवती चहा दोन्ही घालतात, त्यांच्याकडे त्याला फुदिनो आणि लीली चा म्हणतात, आणि भाजीवाल्याकडे दोन्हींची मिळून एक जुडी पण मिळते. चांगला लागतो तो चहा, पण तुझी कुंडी एकच आहे.

आता पुदिन्याबद्दल जो घोळ आहे तो सांगते, कारण फायद्यांच्या अर्ध्या गोष्टी या घोळातूनच आल्यात. पुदिना म्हणून तीन वेगवेगळ्या वनस्पती चालतात. आपल्या चटणीतला बहुतेक वेळा स्पिअरमिंट, त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. दुसरा पेपरमिंट, गोळ्यांतला आणि टूथपेस्टमधला, त्यात मेंथॉल भरपूर. तिसरा जपानी पुदिना, तो उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूरच्या बाजूला शेतंच्या शेतं लावतात, त्याचं तेल काढून त्यातून मेंथॉल वेगळं करतात, बामात नि गोळ्यांत जातं ते हेच. मेंथॉलने थंड वाटतं ते खरंच थंड होतं म्हणून नाही, तर आपल्या नसांवर थंडी ओळखणारा जो रिसेप्टर आहे तोच मेंथॉलने चालू होतो आणि मेंदूला वाटतं गार लागलं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तापमान आणि स्पर्श कळण्याच्या त्यांच्या सगळ्या कामासाठी. आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल फारच कमी, म्हणून चटणी खाऊन नाक मोकळं झाल्यासारखं वाटत नाही.

आणि हे मला फार गंमतशीर वाटतं की कार्व्होनचे दोन प्रकार असतात, डाव्या-उजव्या हातासारखे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. एकाचा वास पुदिन्याचा आणि दुसऱ्याचा शहाजिऱ्याचा, बाळंतशोपांचा! अणू तेच, नुसती बाजू उलटी, आणि नाकाला फरक लगेच कळतो.

तर पोटासाठी काय. "पुदिना पचनाला चांगला" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्यातला पक्का भाग पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा आहे, जिचं कोटिंग जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. आयबीएसवाल्यांना, म्हणजे पोटात मुरडा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असं ज्यांचं चालतं त्यांना, या तेलाने आराम पडू शकतो, अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२१ च्या गाईडलाईनमध्ये ते सुचवलंय. ती कॅप्सूल म्हणजे आपली चटणी नव्हे. जेवणानंतर ताकात पुदिना-जिरं घातलं की हलकं वाटतं हे मलाही वाटतं, पण त्यात ताकाचा वाटा किती आणि पुदिन्याचा किती, देव जाणे.

एक मात्र लक्षात ठेव. तुझ्या नवऱ्याला ते रात्री आडवं पडल्यावर छातीत जळजळतं ना, आंबट वर येतं, त्याला पुदिन्याचा कडक चहा किंवा पेपरमिंटच्या गोळ्या देऊ नकोस. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला जो स्नायूंचा वॉल्व्ह आहे तो पेपरमिंटने सैल पडतो आणि ॲसिड आणखी वर येतं. गॅस वेगळा, जळजळ वेगळी, आपण दोन्हीला "ॲसिडिटी" म्हणतो आणि दोन्हीवर पुदिना मारतो. गवती चहाचं असं ऐकिवात नाही, पण दुधाचा कडक चहा प्यायला आणि वर म्हटलं की गवती चहा घातला होता तरी जळजळलं, तर दोष पातीचा नाही, चहा पावडरीचा आहे.

सर्दी-खोकल्यात गवती चहा, आलं, मिरं, तुळस, गूळ, हा काढा आपण सगळेच पितो. गरम पाणी, वाफ, घशाला ओलावा, बरं वाटतं. व्हायरस मरतो वगैरे नाही, सर्दी तिच्या वेळेने जाते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत सिट्रल बुरशीला मारतं हे खरं, पण आपण काचेची बशी नाही. इम्युनिटी बूस्टर हा शब्द ज्या फॉरवर्डमध्ये दिसेल तो पुढे वाचूच नकोस, दोन्ही झाडांना लागू.

झोप आणि टेन्शन. ब्राझीलमध्ये गवती चहा मन शांत करायला, झोप यायला म्हणून घरोघरी पितात, अगदी आपल्या हळदीच्या दुधासारखं. तिथल्याच संशोधकांनी माणसांवर तपासून बघितलं, १९८६ साली छापून आलं, आणि निष्कर्ष असा की झोपेवर किंवा अस्वस्थपणावर काही फरक दिसला नाही, त्रासही काही झाला नाही. मला हे वाचून उलट बरंच वाटलं, निदान अपाय तरी नाही. संध्याकाळी बिनदुधाचा, बिनपावडरीचा गवती चहा प्यायला तर कॅफिन शून्य, आणि तेवढ्याने झोप सुधारत असेल तर सुधारू दे की.

पीसीओडीसाठी, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने पाळी चुकते, चेहऱ्यावर केस येतात त्यासाठी, पुदिन्याचा चहा, हे तुझ्या मैत्रिणीने पाठवलेलं रील मीही बघितलं. त्यात थोडं तथ्य आहे. तुर्कस्तानात आणि ब्रिटनमध्ये स्पिअरमिंटच्या चहाचे छोटे प्रयोग झाले, दिवसातून दोन कप, आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी झालेलं दिसलं. पण ब्रिटनमधल्या तीस दिवसांच्या प्रयोगात चेहऱ्यावरचे केस डॉक्टरांनी मोजले तेव्हा फरक आढळला नाही, बायकांना स्वतःला मात्र थोडं बरं वाटलं. तीस दिवस केसांसाठी तसेही कमीच. त्यामुळे चहा पी, पण गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नकोस. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर कुठलाही चहा, हिरवा, काळा, पुदिन्याचा, जेवणाला लागून नको, पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ दे मध्ये.

पुदिन्याच्या बाजूने आजीच्या वेळची एक गोष्ट आहे ती म्हणजे अमृतधारा. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही सारखे घेऊन काचेच्या बाटलीत घालायचे, तिन्ही पांढरे खडे, आणि हलवत राहिलं की पाणी न घालता आपोआप पातळ होतात. लहानपणी मला ही जादू वाटायची. जादू एवढीच की हे तिन्ही एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू इतका खाली येतो की घरातल्या उबेलाच ते वितळतं. पण पुदिन्याचं फूल म्हणजे कुंडीतलं फूल नाही, ते मेंथॉलचे स्फटिक असतात, दुकानातूनच आणावे लागतात, म्हणून कुंडीच्या हिशोबात हे धरू नकोस. आणि ही बाटली लहान मुलांपासून लांब, कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला मेंथॉलचं काहीही लावायचं नाही, कुणी कितीही म्हणो.

डासांचं पण सांगून टाकते कारण नर्सरीवाला हमखास सांगणार. गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवली म्हणून डास थांबत नाहीत, झाड उभं असताना तेल पानातच बंद असतं. डासांच्या काही मलमांत असतं ते सिट्रोनेला, ते याचंच चुलत भावंड पण झाड वेगळं, बुंधा लालसर असतो आणि चहात घातलं तर साबण प्यायल्यासारखं लागतं. मी एकदा तेच उचलून आणलं होतं गवती चहा म्हणून, दोन महिने पाणी घातलं आणि पहिला कप बेसिनमध्ये. तेव्हा नर्सरीत पात चुरडून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस, लिंबू आलं पाहिजे नाकात. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिलंस तर डेंग्यूचे डास तूच पाळशील.

लावायचं म्हणशील तर पुदिना सोपा. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवड, खालची पानं काढ, ग्लासात पाण्यात ठेव, आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. उथळ पसरट कुंडी पुरते कारण तो जमिनीलगत पसरतो, ओलावा सतत हवा, ऊन अर्धवेळ चालतं. पण एप्रिल-मेमध्ये दोन दिवस गावाला गेलीस की आल्यावर काड्या. फुलावर येण्याआधी खुडत राहिलं नाही तर पानं बारीक आणि चरचरीत होतात. गवती चहा जुडीतून लागत नाही, जुडीत नुसत्या पाती असतात, खालचा बुंधा नसतो. त्याला ठोंबच लागतो, मुळासकट, कुणाच्या तरी अंगणातून मागून आणायचा. बारा इंची कुंडी, पाच-सहा तास ऊन, मग त्याच्याकडे बघावंही लागत नाही. पाती बुंध्यापासून चार बोटं वर कापायच्या आणि टोकाकडून खाली हात ओढायचा नाही, कडा ब्लेडसारखी असते.

म्हणून आधी बघ तुझ्या खिडकीत ऊन येतं का. नसेल येत तर विषय संपला, पुदिना लाव. येत असेल तर मी गवती चहाच म्हणेन, आणि कारण हेल्थ नाही. पुदिना लागतो तेव्हा चटणीला अख्खी जुडी लागते, एका कुंडीतून तेवढा एकदम निघत नाही, आणि दहा-वीस रुपयांत खाली भाजीवाल्याकडे ताजा मिळतो. उरला तर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, महिनाभर चालतो. गवती चहाच्या मात्र लागतात दोन पाती, त्याही पाऊस कोसळत असताना चार वाजता, तेव्हा जुडी आणायला खाली कोण जाणार. अख्खी जुडी आणली तरी उरलेली फ्रीजमध्ये सुतळीसारखी होऊन पडते.

दिवस राहिले तर दोन्हींचा रोजचा कडक काढा डॉक्टरांना विचारूनच, चहातल्या दोन पातींचं काही नाही. आणि तू मांजर आणणार होतीस ना? मांजरांना गवती चहाच्या पाती चावायला फार आवडतं आणि मग ती उलट्या करतात, पुदिनाही त्यांना फार झाला तर बाधतो. तेव्हा मांजर नक्की असेल तर कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या टोकाला ठेव, आणि ठोंब मी जूनमध्ये येताना घेऊन येते, आमच्या खालच्या काकूंचा रान माजल्यासारखा वाढलाय.