आधी कुणाचे सिनेमे पाहावेत: जिम शेरिडन की नील जॉर्डन?

आयरिश सिनेमा पाहायला सुरुवात करायची असेल आणि या दोघांपैकी एकच निवडायचा असेल, तर माझं मत शेरिडनला. पटकथा लिहायला शिकत असाल तर मात्र जॉर्डनपासून सुरुवात करा.

दोघं एकाच पिढीतले. शेरिडन १९४९ चा, डब्लिनचा. जॉर्डन १९५० चा, स्लायगोचा. शेरिडन नाटकातून आला. पहिला सिनेमा, 'माय लेफ्ट फुट' (१९८९), केला तेव्हा चाळिशीला टेकला होता. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा नसणं, असलेल्या ख्रिस्टी ब्राऊनची ही गोष्ट. छोटा ख्रिस्टी डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून जमिनीवर एकेक अक्षर काढतो आणि सगळं घर त्या पायाकडे बघत उभं. शब्द पुरा होतो: 'मदर'. बाप त्याला उचलून खांद्यावर घेतो आणि थेट पबमध्ये नेतो, हा माझा मुलगा म्हणून चारचौघांत सांगायला. नटांवर एवढा भरवसा टाकणारा दिग्दर्शक क्वचितच दिसतो. डॅनियल डे-लुईस आणि आईचं काम करणारी ब्रेंडा फ्रिकर, दोघांनाही त्या वर्षी ऑस्कर मिळालं.

जॉर्डन मुळात कथाकार. १९७६ मध्ये त्याचा कथासंग्रह आला, सिनेमा नंतर. 'द क्राइंग गेम' (१९९२) मध्ये आयआरए या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचा फर्गस एका ओलीस ठेवलेल्या ब्रिटिश सैनिकावर पहारा देतोय. हा सैनिक जोडी, मूळचा अँटिग्वाचा, आणि बोलतो कशाबद्दल, तर क्रिकेटबद्दल! तिकडे तो काळ्या माणसांचा खेळ, लंडनमध्ये बड्या लोकांचा. त्या गप्पांतून पहारेकरी आणि कैदी यांच्यात मैत्री रुजते आणि पुढचं सगळं त्या मैत्रीवर उभं राहतं. मग गोष्ट लंडनला जाते आणि तिची जातच बदलते. पुढचं कुणाकडून ऐकू नका, वाचूही नका. मूळ पटकथेचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं ते अगदी योग्य.

इतिहासाशी दोघांनीही मोकळीक घेतली आहे. शेरिडनच्या 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) मध्ये बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला गेरी कॉनलन आणि त्याचे वडील ज्युसेप्पे एकाच कोठडीत राहतात. खरं तर तसं नव्हतं. जॉर्डनच्या 'मायकेल कॉलिन्स' (१९९६) मध्ये १९२० मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्रिटिशांनी केलेल्या गोळीबारात चिलखती गाडी मैदानात घुसते. ती प्रत्यक्षात बाहेर होती. मला शेरिडनची मोकळीक पटते, कारण बाप-लेक समोरासमोर आल्याशिवाय तो सिनेमा उभाच राहत नाही. चिलखती गाडीची गरज नव्हती, खरी घटनाच पुरेशी भयंकर होती.

जॉर्डनचे सगळे सिनेमे एका तोलाचे नाहीत. 'हाय स्पिरिट्स' आणि 'वी आर नो एंजल्स' सोडलेत तरी चालेल. 'द बुचर बॉय' (१९९७) मात्र चुकवू नका. एका मुलाचं डोकं हळूहळू फिरत जातं आणि तोच आपल्याला गोष्ट सांगत असतो.

शेरिडनचा 'इन अमेरिका' (२००२) त्याने आपल्या दोन मुलींबरोबर लिहिला. न्यूयॉर्कला आलेल्या आयरिश कुटुंबाने एक मुलगा गमावला आहे, फ्रँकी. शेरिडनचा एक भाऊ लहान असतानाच गेला, त्याचं नावही फ्रँकीच. घरात कुणी नुकतंच गेलं असेल, तर हा सिनेमा आत्ता नको, थोडे दिवस जाऊ द्या.