‘हॅव आय बीन पोन्ड’: दोन वर्षं वापरल्यावर

हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. वहीत आकडा चुकला तर खरवडायचा नाही, त्यावर आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे आणि बाजूला सही हवी, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं. म्हणून कुठल्याही सेवेची खाडाखोड मी आधी बघते.

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सेवेसाठी मी मुद्दाम वेगळा ईमेल पत्ता काढला होता. तो दुसरीकडे कुठेही दिला नव्हता. तरी त्याच पत्त्यावर ‘तुमचं पार्सल अडकलं आहे’ छापाचे मेल यायला लागले. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.’ बरं, मग? तो पत्ता ‘हॅव आय बीन पोन्ड’ या, आपला पत्ता कुठल्या डेटागळतीत सापडला आहे ते सांगणाऱ्या वेबसाइटवर टाकला आणि सगळं समोर आलं: सेवेचं नाव, डेटा कधी फुटला ती तारीख, आणि काय काय गेलं त्याची यादी. ईमेल, फोन नंबर, जन्मतारीख, पासवर्डचा हॅश (म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा). कंपनीचं कबुलीपत्र त्यानंतर अकरा दिवसांनी आलं.

ही सेवा ऑस्ट्रेलियातले संगणक-सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी डिसेंबर २०१३मध्ये सुरू केली. त्याच्या थोडं आधी अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे १५ कोटी खाती फुटली होती. आपला पत्ता शोधायला पैसे लागत नाहीत. तो नोंदवून ठेवला तर पुढच्या गळतीत सापडल्यावर मेल येतो. नाव मात्र फोनवर कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

पासवर्ड तपासायचीही सोय आहे. धाकट्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, चोरी झाली का बघायला चोरालाच किल्ली दाखवायची?” शंका रास्त होती. म्हणून ब्राउझरमध्ये कोणती माहिती बाहेर जाते ते दाखवणारी खिडकी उघडली आणि त्याच्या शेजारी बसून तपासलं. पासवर्डचा आपल्याच मशीनवर ४० अक्षरांचा ठसा तयार होतो. त्यातली फक्त पहिली ५ अक्षरं बाहेर जातात. त्या ५ अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो ठशांची उरलेली शेपटं परत येतात आणि आपलं शेपूट त्यात आहे का, हे आपला ब्राउझर बघतो. पासवर्ड काय होता, ते समोरच्याला कळतच नाही. भावाचा पासवर्ड हजारो वेळा फुटलेला निघाला. त्याला वाटत होतं, तो फक्त त्यालाच सुचला आहे.

तक्रारी आहेत. कुणीही कुणाचाही पत्ता टाकून बघू शकतो, हे मला आजही खटकतं. २०१५मध्ये अ‍ॅशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांची साइट फुटली, तेव्हापासून अशा नाजूक गळत्या फक्त पत्त्याच्या मालकालाच मेल पडताळून दाखवल्या जातात. आपला पत्ता शोधातून काढूनही टाकता येतो, पण ते आपण मागितलं तर. दुसरं, पत्ता सापडला नाही की पडद्यावर रंगीत कागद उडतात. सापडला नाही म्हणजे त्यांच्या वहीत नाही, एवढंच. त्यात उत्सव कसला?

तरी माझा विश्वास बसला तो मार्च २०२५मध्ये. खुद्द हंट एका खोट्या मेलला फसले. प्रवासाचा शीण होता. पासवर्ड साठवून खऱ्या साइटवर आपोआप भरणाऱ्या पासवर्ड मॅनेजरने त्या पानावर पासवर्ड भरला नाही, ही पान खोटं असल्याची खूण असूनही त्यांनी तो हाताने भरला, वर ओटीपीही दिला. त्यांच्या वृत्तपत्रिकेच्या सुमारे १६,००० वाचकांचे पत्ते गेले. त्याच दिवशी त्यांनी सगळं स्वतःच्या नावानिशी लिहून टाकलं. पत्रिका घेणं बंद केलेल्यांचेही पत्ते त्यात होते, हेही लपवलं नाही. आणि ती गळती त्यांनी आपल्याच साइटवर इतरांच्या रांगेत चढवली. तिथे मी आडवी रेघ पाहिली, आणि सहीही.

माझे तिन्ही पत्ते आता तिथे नोंदवलेले आहेत. भावाने पासवर्ड बदलला आणि नवा कोणता ते मला लगेच फोन करून सांगितलं, स्पीकरवर. पुन्हा बदलायला लावला.