लाल खुणा दाखवून 7,499 रुपये उकळले

दहिसरच्या आमच्या घरातील आतली खोली मी रेकॉर्डिंगसाठी वापरतो. आषाढीच्या आधी एका भजनी मंडळाचे अभंग मिक्स करून देण्याचे कबूल केले होते, आणि नेमके त्याच आठवड्यात रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोजेक्ट उघडताच ते एकही सूचना न देता बंद पडू लागले. पखवाज, टाळ, पेटी आणि आवाज मिळून 22 ट्रॅक होते, आणि मंडळातील माणसे विरारपासून परळपर्यंत विखुरलेली असल्याने त्यांना पुन्हा एकत्र आणणे केवळ अशक्य होते. रात्री अकराच्या सुमारास मी ‘कस्टमर केअर’ असे शोधून सर्वांत वर आलेला क्रमांक फिरवला. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिले होते, हे मला दुसऱ्या दिवशी दिसले.

पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने रिमोट ॲक्सेसचे एक ॲप घ्यायला लावले, त्यातील नऊ आकडी क्रमांक विचारला आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरू लागला. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडून त्याने लाल खुणांची लांबलचक यादी खालीवर केली आणि संगणकात व्हायरस शिरून मूळ रेकॉर्डिंगच पुसले जात असल्याचे सांगितले. अशा लाल खुणा धडधाकट संगणकातही ढिगाने सापडतात. शिवाय रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये केवळ मांडणी असते आणि ध्वनिमुद्रण वेगळ्या वेव्ह फाइलींमध्ये राहते, म्हणजे त्या फाइली फोल्डरमध्ये जाऊन मी स्वतः वाजवून पाहू शकलो असतो. ते न करता मी यूपीआयने 7,499 रुपये पाठवले.

वीसेक मिनिटांत प्रोजेक्ट खरोखरच उघडला, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. मात्र सगळे आवाज कोरडे ऐकू येत होते आणि बाहेरून घेतलेले एकही प्लगिन (आवाजावर परिणाम चढवणारे जोड-सॉफ्टवेअर) सापडत नसल्याची सूचना येत होती. त्या परवान्यांची मुदत संपली असून नूतनीकरणाचे 14,000 रुपये भरावे लागतील, आणि व्यवहारात अडचण नको म्हणून तेच ॲप फोनवरही घ्यावे, असे तो म्हणू लागला, तेव्हा कुठे मला शंका आली आणि मी वायफाय बंद केले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून आलेल्या भाच्याने तोच इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि सॉफ्टवेअर बंद पडल्याच्या वेळेची, ‘ॲप्लिकेशन एरर’ या नावाची, 1000 क्रमांकाची नोंद शोधली. “मामा, ही ओळ तू वाचलीच नाहीस?” असे म्हणून त्याने ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’वर बोट ठेवले. तिथे मी आदल्याच रविवारी अपडेट केलेल्या रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणाऱ्या) प्लगिनच्या फाइलचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. व्हीएसटी या प्रकारचे असे प्लगिन सहसा मुख्य सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये चालते, त्यामुळे ते कोसळले की सॉफ्टवेअरही कोसळते. त्या भामट्याने प्लगिनच्या फोल्डरच्या नावाला नुसते ‘ओल्ड’ जोडले होते. 7,499 रुपयांत झालेली दुरुस्ती ती एवढीच. आम्ही नाव पूर्ववत केले, त्या एका प्लगिनची जुनी आवृत्ती बसवली आणि काम सुरू झाले. खरे तर प्रोजेक्ट उघडण्याच्या चौकटीतच ‘ओपन विथ एफएक्स ऑफलाइन’ असा पर्याय असतो. त्यावर खूण केली असती तरी प्लगिन बंद ठेवून प्रोजेक्ट उघडला असता.

1930 या सायबर हेल्पलाइनवर मी दुपारी तक्रार नोंदवली. ती रात्रीच करायला हवी होती, कारण पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्याआधी कळवले तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते. माझे अद्याप परत आलेले नाहीत. बँकेचे पासवर्ड बदलले आणि ते ॲप काढून टाकले. आषाढी उलटल्यावर भाच्याने पुन्हा तसाच शोध घेतला, तेव्हा सर्वांत वर वेगळा क्रमांक होता. त्याने स्वतःच्या फोनवरून तो लावला, तर त्याच अदबशीर आवाजाने त्याच्याकडे नऊ आकडी क्रमांक मागितला.