सोझनी घेऊ की आरी?

मावसबहीण श्रीनगरला गेलीय, दुकानातूनच व्हिडिओ कॉल, ताई कुठली शाल घेऊ सांग. दोन्ही काश्मिरी, दोन्ही हाताने भरलेल्या, पण कामच वेगळं. सोझनी बारीक सुईने भरतात, टाके इतके नाजूक की अंगभर जाळीसारखी नक्षी असेल तर एका शालीला वर्षसुद्धा लागतं. आरी म्हणजे आकड्याच्या सुईने घातलेली टाक्यांची साखळी, भराभर होते म्हणून बरीच स्वस्त. तिला म्हटलं आधी उलटी कर, आरीत मागे नुसत्या धावदोऱ्यासारख्या रेघा दिसतात, चांगल्या सोझनीची मागची बाजूही नीटनेटकी असते, दोरुखात (दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी सोझनी) तर सुलटउलट कळत नाही.

टिकायचं म्हणाल तर आरीचं कापड बहुतेक जाड लोकरीचं, रोजच्या वापराला दणकट, फक्त साखळी बांगडीत अडकते (माझी अडकलीय, फूल अर्धं उसवलं!). सोझनी बरेचदा पश्मिन्यावर, ती जपावीच लागते. कसर मात्र दोन्हीला लागते, पावसाळ्यात सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. ‘खरी पश्मिना शाल अंगठीतून जाते’ वगैरे दुकानदाराचं सोडून द्या.

प्रवासाला, ऑफिसच्या एसीत आरी. लग्नकार्यात मिरवायला आणि पुढे लेकीला द्यायला सोझनी, बजेट असेल तरच.